शहर डोंगर चढत नाही

भर रस्त्यात काटकोनात वळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. समोर सरळ, नवाकोरा डांबरी रस्ता. आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि हा सायकलवरून येता येता एका ठरावीक जागी थांबायचा, खाली उतरायचा, सायकल हाताने धरून डावीकडे वळायचा आणि विजेच्या खांबापर्यंत चालत जायचा. तिथून उजवीकडे वळून नव्या इमारतींच्या कुंपणाला लागून भला मोठा वळसा घालायचा आणि पुन्हा त्याच रस्त्यावर येऊन टांग मारायचा. सोसायट्यांतले लोक गॅलरीत उभे राहून हसायचे. कोणी म्हणायचं दारू पितो, कोणी म्हणायचं डोक्याचा स्क्रू ढिला आहे. कारण मला त्याच्या बायकोने सांगितलं. रस्ता गेला होता ते त्याचं शेत. शेतात सायकल घालतात का कोणी? बांधावरून जायचं. तिथे आता बांध नव्हता आणि शेतही नव्हतं, पण तो ते रोज पाळायचा.

तो माझा घरमालक. सानपाड्याच्या बाजूच्या एका जुन्या गावात त्याचं कौलारू घर होतं आणि घराला चिकटून काढलेली एक खोली. त्या खोलीत मी राहायचो. सगळी आळी त्याला दादूस म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ, म्हणून मीही म्हणायला लागलो. पन्नाशी उलटलेली, अंग सुक्या बोंबलासारखं, आणि आवाज मात्र खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असा. खोली देताना त्याने माझी जात विचारली नाही, गाव विचारलं. गावावरून जात काढता येते असा त्याचा भरवसा. पण बीडकडची गावं त्याने कधी ऐकलेली नव्हती, त्यामुळे बिचाऱ्याची पंचाईत झाली. मी भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लावला तेव्हा त्याला काय ते कळलं.

"जयभीमवाला काय तू?"

"हो."

"मंग पानी आमच्या घरातल्या पिंपातला घेत जा. बाहेरच्या पिंपान किडे हायेत."

या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. पुढे पुष्कळ शिकलेल्या लोकांनी मला याहून जास्त शब्दांत याहून कमी दिलं.

तरी सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. माझ्या बापाने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात घाम गाळला. आमच्या सात पिढ्यांत ढेकूळभर जमीन कुणाच्या नावावर नव्हती. दुष्काळात गाव सोडून मी तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात चिकटलो होतो, संध्याकाळी नाकातून निळा शेंबूड काढत घरी यायचो, आणि इथे हा माणूस ओट्यावर बसून जमिनीचं रडगाणं लावायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "दादूस, तुमची गेली. गेली म्हणजे निदान होती तरी."

"नव्हती त्याला झोप लागतं," तो म्हणाला. "व्हती तोच जागतो."

हे खोटं आहे. नसलेल्यालाही झोप लागत नाही. पण मी गप्प बसलो, कारण खोलीचं भाडं तो कधी मागायचा नाही आणि वहिनी आठवड्यातून दोनदा तरी माझ्या ताटात निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण वाढायची. खाल्लेल्या मिठाला माणूस थोडा तरी जागतो.

त्याची जमीन खाजण होती, म्हणजे खाडीला मातीचा बांध घालून आत काढलेलं शेत. अशा शेताला एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की उघाडी उघडायची, शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती यायच्या आत ती बंद करायची. एकदा चुकलं की खारं पाणी आत आणि भात गेला. दादूसने लहानपणापासून हेच केलं होतं. शेत गेलं, उघाडी गेली, तरी ओहोटी त्याच्या अंगातून गेली नाही. जेवता जेवता तो हात थांबवायचा, मान वर करायचा. वहिनी म्हणायची, "जेव आता. तुजी उघाडी सरकारनं बंद केली." मग तो मान खाली घालून जेवायचा.

जमीन गेली ती कशी गेली, हे तो सांगायचा तेव्हा त्यात सरकार, शहर, कायदा यांचं नावही नसायचं. त्यात फक्त एक सर्वेवाला असायचा आणि एक जिताडा. खाडीतला सगळ्यात देखणा मासा जिताडा. खाडीकाठच्या त्या गावांत तो घरी खात नसत, साहेबाला देत. तलाठी असो, फौजदार असो, काम असलं की जिताडा घेऊन जायचं, ही जुनी रीत. मोजणीला माणसं आली, शेतात खुंट्या ठोकल्या, तेव्हा दादूसने हातभर लांब जिताडा पकडून आणला, वहिनीने तो आंबट-तिखट केला आणि सर्वेवाल्याला पाटावर बसवून वाढला. सर्वेवाल्याने तो काटे चोखून खाल्ला आणि हात धुताना म्हणाला, बोला. दादूस म्हणाला, सगळं घ्या, शेतातली विहीर तेवढी सोडा, ती गोड्या पाण्याची आहे, खाजणात अशी विहीर लागत नाही. सर्वेवाला उठला, शेतात गेला, खुंटी उपटली आणि विहिरीच्या अलीकडे ठोकली. "जा, वगळली तुमची विहीर," म्हणाला.

"मना वगळला म्हनून मी घरी बसलो," दादूस सांगायचा. "गाव हरकती घ्यायला गेला. मोर्चान गेला. मी नाय गेलो. माजी विहीर वगळली व्हती ना."

विहिरीवर आता बसस्टॉप आहे. त्या दिवसापासून त्या घरात जिताडा आला नाही. बाजारात वहिनी जिताड्यापुढून चालली की दादूस तोंड फिरवायचा, जसा काही तो मासाच लबाड होता. सर्वेवाल्याला तो ज्या शिव्या द्यायचा त्या इथे लिहिता येत नाहीत. रोज सकाळी दात घासताना एक तरी द्यायचाच.

खाडीकडचा एक लहानसा तुकडा अजून त्याच्या नावावर राहिला होता आणि त्या तुकड्यावर त्याचा जीव अडकला होता. कायदा असा, की ज्याच्या नावावर शेत आहे त्यालाच दुसरं शेत घेता येतं. तो तुकडा आज ना उद्या जाणार हे नक्की होतं. तो गेला की दादूस शेतकरी राहणार नव्हता आणि मग बँकेत कितीही पैसे असले तरी त्याला ढेकूळभर शेत मिळणार नव्हतं. म्हणजे जे काही घ्यायचं ते त्याच्या आधी घ्यायचं. भाऊबंद मोटारसायकली घेत होते, स्लॅब टाकत होते. हा मात्र भाताची झोडणी संपली की सायकलला भाकऱ्यांचं गाठोडं बांधायचा आणि जमीन बघायला डोंगरात जायचा. डोंगरातच का, विचारलं की म्हणायचा, "शेहेर डोंगर चढत नाय." हे त्याचं ब्रह्मवाक्य. सपाटीवर कुठेही घ्या, शहर मागून येणार. डोंगरात शहराला दम लागतो.

एका वर्षी आमच्या कारखान्याला टाळं लागलं. मी घरात बसून होतो. दादूस म्हणाला, "चल माज्या संगती. तुना वरच्या लोकांची भाषा येतं, पाट्या वाचता येतान." मी शेजाऱ्याची सायकल मागून घेतली. खरं सांगायचं तर जमीन विकत घ्यायला निघालेला माणूस कसा दिसतो हे मला बघायचं होतं. आमच्यात कोणी निघालेलं नव्हतं.

दिघ्यावरून निघालो, मुंब्र्याचा डोंगर ओलांडला, शिळफाट्यावरून कल्याण आणि पुढे मुरबाडचा रस्ता. त्याची सायकल काळी, अवजड, दूधवाल्यांची असते तशी. दांडीला तिवराच्या काठ्यांची एक जुडी बांधलेली. तिवर म्हणजे खाडीतलं झाड. खाजणात नवा बांध घालताना आधी तिवराच्या काठ्या रोवून आखणी करतात. दादूसला एखादी जमीन आवडली की तो तिथे एक काठी रोवायचा. जुन्या लोकांची ही शिस्त, पुन्हा आलो की सापडावी म्हणून.

त्याच्याबरोबर सायकल चालवणं म्हणजे शिक्षा होती. चढ आला की सगळं जग उतरतं आणि सायकल ढकलतं. हा चढावर मांड ठोकून बसायचा, छाती फुटेस्तोवर पायडल मारायचा. आणि उतार आला की खाली उतरून सायकल हाताने धरून चालायचा. मी खाली जाऊन तासन्‌तास वाट बघत बसायचो. विचारलं तर म्हणायचा, "चढान माणूस शुद्धीवर असतं. उताराला हुरळतं." सर्वेवाल्याच्या शब्दावर हुरळून घरी बसलेल्या माणसाचं हे शहाणपण, त्यामुळे मी हसलो नाही.

मुरबाड सोडलं आणि डांबर संपलं. मला वाटायचं गरिबी आमच्या मराठवाड्याची. पण तिथे निदान सपाटीवरची गरिबी होती, माणूस पळून तरी जाऊ शकतो. या डोंगरांत ती कड्याला टेकवून ठेवल्यासारखी होती. कारवीच्या कुडाची घरं, आत एक चूल, दोन मडकी. बायका लाकडांच्या मोळ्या डोक्यावर घेऊन घाट उतरायच्या आणि आमच्या सायकलींकडे मान न वळवता नुसते डोळे वळवून बघायच्या, कारण मान वळवली तर मोळी पडेल. उतारावरच्या चिंचोळ्या वावरांत राब भाजत होते, पाचोळा आणि शेण पसरून जमीन जाळत होते, आणि दरीभर धूर. एका पाड्यावर पुरुष नावाला नव्हता, सगळे वीटभट्टीवर गेलेले. चहावाल्याकडे दूध नव्हतं, साखरही नव्हती. गुळाचं काळं पाणी दिलं आणि पैसे घ्यायला लाजला.

जमीन मात्र जो भेटेल तो विकायला तयार. "घ्या ना शेठ, सगळीच घ्या." दादूस उकिडवा बसायचा, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि पचकन थुंकायचा. "अलनी." चार पावलं पुढे जाऊन पुन्हा चिमूट, पुन्हा थुंकी. "अलनी." खाऱ्या मातीत वाढलेल्या जिभेला डोंगराची माती कशी रुचणार? लोक बघत राहायचे. एक बाई मला हळूच म्हणाली, "यांना कायतरी खायला द्या हो." मीही शेवटी कंटाळलो. म्हणालो, दादूस, मिठाचं शेत डोंगरात नसतं. तो म्हणाला, "तुना शेत ठावं नाय." हे त्याने मला टोचून म्हटलं आणि मला ते टोचलं.

मग ती दरी लागली. तिन्ही बाजूंनी कडे, मध्ये एक ओढा आणि ओढ्याच्या काठाने वर चढत गेलेली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. अगदी वरच्या खाचराला दगडी बांध होता आणि बांधात एक मोरी. साठीचा एक म्हातारा वाकून मोरीवरचा सपाट दगड बाजूला करत होता. झऱ्याचं साठलेलं पाणी खळाळत खालच्या खाचरात गेलं. थोड्या वेळाने त्याने दगड परत लावला, वरून मूठभर चिखल थापला आणि तळहाताने चेपला.

दादूस जागच्या जागी खाली बसला. त्याने मातीची चव घेतली नाही. जुडीतून एक तिवराची काठी ओढली आणि त्या खाचराच्या कोपऱ्यात दगडाने ठोकून घट्ट रोवली. इतक्या वर्षांत मी त्याला असा खूश पाहिला नव्हता.

म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि तो धावतच वर घराकडे गेला. नाही, चुकलो, घर वर नव्हतं. घर त्या काठीच्या खाली होतं. सगळं त्यामुळेच घडलं म्हणून हे नीट सांगायला हवं. काठी वर, घर तिच्या खाली. तो खाली धावला.

आम्हाला आग्रहाने घरात नेलं. म्हातारा, त्याची बायको, एवढीच माणसं. बायकोने अंगणातला कोंबडा पकडला. अंगणात दुसरा कोंबडा नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. आम्हाला पाट मांडले. कुणबी घर ते. मी माझ्या गावात असल्या घराच्या ओट्याला हात लावू शकत नव्हतो. इथे मला आत, चुलीपाशी, पाटावर बसवलं, पितळी ताट दिलं, आणि म्हातारी स्वतः वाकून वाढत होती. मनात म्हटलं, डोंगरातली माणसं चांगली आहेत.

"सायेब कुठलं म्हनायचं?" म्हाताऱ्याने दादूसला विचारलं.

"सानपाड्याचे. खाडीवरचे."

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. "मंग बरोबर हाय. त्या नव्या शेराकडचंच. मागल्या साली तुमची मान्सं येऊन खुट्या ठोकून गेली व्हती, चुना टाकून. धरान बांधायचं, तुमच्या नव्या शेराला पानी न्यायचं. आमी म्हनलं, परत कवा येत्यात कोन जाने."

दादूसने हातातला घास ताटात ठेवला. मलाही तेव्हाच कळलं. पॅन्ट घातलेला मी, खिशात पेन, आणि शेतात काठ्या ठोकत फिरणारा दादूस. मला मिळालेला पाट डोंगरातल्या चांगुलपणाचा नव्हता, सर्वेवाल्याच्या शिपायाचा होता. तो कोंबडा मला घशाखाली जड गेला, पण गेला.

दादूस म्हणाला, "बाबा, मी सायेब नाय. मी शेतकरी हाय. जमीन बघाला आलोय."

म्हातारा हसला. "व्हय सायेब. जमीनच बघाया येत्यात सगळी."

"अरे, नाय मी सरकारी. माजी पन गेली. तुज्यासारकी."

"व्हय, व्हय," म्हातारा म्हणाला आणि बायकोला म्हणाला, "सायबाला रस्सा वाढ." त्याला वाटलं कोंबडा कमी पडला. म्हातारी आत गेली आणि मडक्यात जपून ठेवलेलं तूप घेऊन आली. मला आता वाटतं, त्या तुपापाशीच दादूस हरला. नाही म्हणणाऱ्याला माणसं आणखी देत जातात. आणि त्या घरात आणखी द्यायला काही राहिलं नव्हतं.

सकाळी आम्ही निघालो तर म्हातारा काठीपाशी उभा होता. त्याने हात जोडले. "सायेब, पान्याची रेघ एवढ्या वर आली तर घर जातंय. सगळं घ्या. ही काठी तेवढी घराच्या खालच्या अंगाला रोवा. तुमच्या हातानं. बाकी आमचं काय म्हननं नाय."

दादूसने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "खरं काय ते पुन्हा सांगा." त्याने पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. म्हातारा हात जोडून तसाच उभा. ऐकत होता आणि वाट बघत होता. म्हातारी दाराशी पदर तोंडाला लावून उभी.

मग दादूसने काठी उपटली. खाली चालत गेला. घराच्या खाली, गोठ्याच्याही खाली, ओढ्याजवळ जाऊन ती ठोकली. म्हाताऱ्याने त्याच्या पायाला हात लावला. दादूस म्हणाला, "जा. वगळला तुजा घर."

हे शब्द त्याच्या तोंडून कसे आले, त्याचं त्यालाही कळलं नसेल. मला मात्र ऐकताना ते कोणाचे आहेत ते कळलं.

परतीच्या वाटेवर घाटाचा मोठा उतार लागला. मी सवयीने खाली जाऊन थांबायच्या तयारीत होतो. दादूस उतरला नाही. त्याने ब्रेकवरचे हात काढले आणि सायकल सोडून दिली. वळणावर तो पडणार असं मला वाटलं, तो पडला नाही. कल्याणला एका नळावर तोंड धुताना तो म्हणाला, "तो सर्वेवाला पन असाच असंल. त्याच्या हातान काय नसंल."

"म्हणजे तुम्ही त्याला माफ केलंत?"

"नाय," तो म्हणाला. "आता दोघांना शिव्या देयाच्या."

तो पुन्हा डोंगरात गेला नाही. पुढच्या वर्षी खाडीकडचा तुकडाही गेला आणि कायद्याने तो शेतकरी राहिला नाही. तिवराच्या उरलेल्या काठ्या वहिनीने चुलीत घातल्या. पावसाळ्यात ओल्या लाकडापेक्षा बऱ्या पेटल्या, असं ती म्हणाली. दादूस रस्त्यात काटकोनात वळायचा ते मात्र सुटलं नाही. दात घासताना शिव्या आता कमी आवाजात द्यायचा.

वर्षं गेली. कारखाना उघडला, पुन्हा बंद पडला, मी दुसऱ्या कारखान्यात लागलो, खोली तीच. सीवूड्सच्या बाजूला भराव पडत होता, वाशीला पुष्कळ इमारती झाल्या. आमच्या आळीत नळ आले. चोवीस तास पाणी. बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. वहिनीने पिंप उलटं करून ठेवलं. धरणाचं पाणी आहे, गोड आहे, लोक म्हणायचे. दादूस नुसता प्यायचा.

एका रविवारी दुपारी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. समोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. पायात काही नाही, डोक्याला फडकं, आणि हातात एक काठी, खालचं टोक तासलेलं, काळं पडलेलं. तिवर ओळखायला मी आता शिकलो होतो. माणूस ओळखायला थोडा वेळ लागला, कारण तो अर्धा झाला होता.

"सायकलवालं सायेब हितंच ऱ्हात्यात ना? रस्त्यात वळनारं? सानपाड्यात इचारलं तर सगळी हसली, म्हनली रस्त्यात वळतो त्योच, पन घर दाखवलं."

वहिनीने पाण्याचा तांब्या आणला. त्याने हात हलवला. "काम झाल्याबिगर पानी नको."

दादूस आला. सायकल भिंतीला लावली. काठी बघितली आणि तो खाली बसला नाही, उभाच राहिला.

"सायेब," म्हातारा म्हणाला, "तुमी काठी रोवली तिच्या वर पानी आलं. घराच्या वर आलं. वरल्या खाचराच्या बी वर. काय तरी चुकलंय. गावाला नोटिसा आल्या, गाव उठलं, त्यांना जागा भेटल्या. आमी नाय उठलो. म्हनलं, आमचं घर सायबांनी वगळलंय. पानी दाराशी आलं तवा उठलो. आता हापिसात म्हनत्यात, मुदत गेली. म्हनून ही काठी आनली. चला, तुमच्या तोंडानं सांगा त्यांना."

काठी त्याने दादूसपुढे धरली. पाणी चढायच्या आधी उपटून आणली असणार. म्हातारी कुठे आहे ते आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

"मी सायेब नाय बाबा," दादूस म्हणाला. त्याचा आवाज खाडीच्या पलीकडे जाण्यासारखा राहिला नव्हता. "त्या दिशी बोल्लो व्हतो तुला. दोनदा बोल्लो."

"बोललाव," म्हातारा म्हणाला. तो रागावला नव्हता, आठवून सांगत होता. "बोललाव खरं. पन काठी तर सरकवलीत. सायेब नव्हं तो काठी कशाला सरकवील?"

याचं उत्तर मी त्या दिवसापासून आजपर्यंत शोधतो आहे. दया म्हणावं, तर त्या दयेने या माणसाचा संसार बुडाला. दादूसने दुष्टपणा केला असता, काठी जागेवर ठेवून शिव्या घालत निघून गेला असता, तर हा म्हातारा गावाबरोबर उठला असता आणि आज कुठेतरी त्याच्या डोक्यावर पत्रा असता. मला दादूसची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. अजून येतो.

दादूस सायकल घेऊन गेला. आम्हाला वाटलं, तोंड चुकवून गेला. तासाभराने परत आला तो हँडलला जिताडा लटकवून, हातभर लांब, शेपूट पुढच्या चाकाला लागत होतं. वहिनीने मासा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि विळी काढली.

म्हाताऱ्याला पाटावर बसवलं. दादूस त्याच्यासमोर बसला, पण स्वतः जेवला नाही. मोठ्यातली मोठी तुकडी त्याच्या ताटात सरकवत राहिला, काटे स्वतःच्या हाताने काढून देत राहिला. डोंगरातल्या माणसाला खाडीचे मासे कुठले ठाऊक, तो भीत भीत खात होता. एकदा म्हणाला, "चांगलं हाय." तो ऑफिसचं पुन्हा काही बोलला नाही. आपल्यासमोरचा माणूस साहेब नाही, हे त्याला ताटावर बसल्यावर कधीतरी पटलं असावं. साहेब काटे काढून देत नाहीत.

जेवण झालं. वहिनीने नळाखाली तांब्या धरला, भरला आणि त्याच्या हातात दिला. त्याने वरून धार धरून अर्धा तांब्या पाणी पिऊन टाकलं आणि तोंड पुसलं.

"पानी गोड हाय," तो म्हणाला. "खाडीच्या काठाला असं पानी? हीर कुठं हाय तुमची?"

वहिनी आत वळली. मी पेपर उचलला. दादूस जमिनीकडे बघत होता. मला वाटलं तो आता खोटं बोलेल, एकदा बोलला होता तसं, दयेपोटी.

"तुज्याच घरावरचा पानी हाय ता," तो म्हणाला.

म्हातारा तांब्याकडे बघत राहिला. आत अजून पाणी होतं. त्याने ते ओतलं नाही, खालीही ठेवलं नाही. डोंगरातली माणसं पाणी टाकत नाहीत. त्याने तांब्या पुन्हा वर धरला आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं.